निवृत्तीचे दुःख : मराठी नाटकातील आणि मराठवाड्यातील

१

मराठीत ‘निवृत्ती’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी नांदतो. परमार्थाच्या परिभाषेत तो प्रवृत्तीचा प्रतियोगी आहे. विषयांतून मन परतणे म्हणजे निवृत्ती, आणि ज्ञानेश्वरांच्या ज्येष्ठ बंधूंचे व गुरूंचे नावही तेच. कचेरीच्या परिभाषेत मात्र नियत वयोमान पूर्ण होताच नोकरी संपणे म्हणजे निवृत्ती. पहिली साधावी लागते. दुसरी आदेशाने येते. मराठवाड्याला ह्याशिवाय तिसरा एक शब्द परिचित होता. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावे हैदराबाद संस्थानात होती व तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. नोकरी संपल्यावर मिळणाऱ्या वेतनाला त्या भाषेत ‘वजिफा’ आणि ते घेणाऱ्याला ‘वजिफायाब’ म्हणत. वजिफ्याची जागा पुढे पेन्शनीने घेतली. ह्या सर्व शब्दांकडे एकत्र पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. मनाने काय सोडावे ह्याला शब्द आहे. हाती काय पडते ह्यालाही शब्द आहे. परंतु काम सुटल्यामुळे माणसाच्या मनाचे जे होते त्याला स्वतंत्र शब्द नाही.

ही उणीव मराठी नाटकाने भरून काढली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ डिसेंबर १९७० मध्ये रंगभूमीवर आले. वसंत कानेटकरांचे ‘हिमालयाची सावली’ आणि जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ ही नाटके त्यानंतर थोड्याच वर्षांत आली. वृद्धांच्या मनःस्थितीविषयी मराठी वाचक आज जे बोलतो त्याचा बराचसा साचा ह्या नाटकांनी घडवलेला आहे. म्हणूनच तो साचा तपासून पाहणे आवश्यक ठरते. ह्या नाटकांना निवृत्तीचे दुःख दिसले ह्यात शंका नाही. तथापि ते दिसताच त्यांनी त्याचे कारण मुलांच्या पदरी टाकले. आणि कारणाचे हे स्थलांतर पुढे प्रेक्षकाच्या, कायद्याच्या व संशोधकाच्याही अंगवळणी पडले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील वृद्धांकडे पाहिले म्हणजे ह्या साच्यात काय बसते आणि काय बसत नाही ते स्पष्ट होऊ लागते.

२

‘नटसम्राट’मध्ये वस्तुतः दोन दुःखे आहेत. गणपतराव बेलवलकर रंगभूमीचा निरोप घेतात, हे पहिले. मिळवलेले सर्व मुलगा आणि मुलगी ह्यांना वाटून दिल्यावर त्यांच्या घरी त्यांची अवहेलना होते, हे दुसरे. नाटकाचे कथानक दुसऱ्या दुःखावर उभारलेले आहे. एका घरातून दुसऱ्या घरात, तेथून रस्त्यावर, वाटेत पत्नीचा मृत्यू, असा तो उतार आहे. प्रेक्षकाचे अश्रूही ह्याच उतारावरून वाहतात. परंतु बेलवलकरांच्या मनाचा वेध घेणारी स्थळे पाहिली तर ती बहुतेक पहिल्या दुःखाची आहेत. हा माणूस घरात बोलतो तेव्हाही रंगमंचावरून बोलल्यासारखा बोलतो. नातीला तो आपल्या भाषेत, आपल्या ढंगाने वाढवू पाहतो आणि तेथूनच सुनेशी खटका उडतो. जुन्या भूमिका त्याच्या तोंडी पुन:पुन्हा येतात. काम संपलेले आहे, कामाचे ठिकाण गेलेले आहे. काम करणारा मात्र तसाच शिल्लक आहे, अशी ही अवस्था आहे.

येथे एक कल्पना करून पाहावी. बेलवलकरांचा मुलगा व मुलगी दोघेही आदर्श निघाले असते, सुनेने सासऱ्याचा शब्द झेलला असता, तर काय झाले असते? कथानक कोसळले असते हे उघड आहे. पण ह्या मनुष्याचे दुःखही नाहीसे झाले असते काय? ज्याचा आवाज चाळीस वर्षे नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत होता त्याला दोन खोल्यांत सुखाने बसता आले असते काय? तसे म्हणणे कठीण आहे. नाटकातील स्वगते ह्या दुःखाची साक्ष देतात. कथानक मात्र ती साक्ष दुसऱ्याच आरोपीविरुद्ध वापरते.

ह्या संदर्भात शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी केलेली तुलना उद्बोधक ठरते. ‘नटसम्राट’चे त्या नाटकाशी असलेले नाते सर्वपरिचित आहे. लिअरही एक निवृत्त मनुष्यच आहे. राज्य वाटून दिल्यावर राजा ही पदवी आणि शंभर सरदारांचा लवाजमा तो आपल्याकडे ठेवू पाहतो. काम सोडायचे पण कामाने दिलेली ओळख सोडायची नाही, हा त्याचा आग्रह पहिल्याच प्रवेशात दिसतो. मुलींचे क्रौर्य नंतरचे आहे. लवाजमा शंभरावरून पन्नासावर, पन्नासावरून पंचविसावर येतो तेव्हा लिअर जो तळमळतो तो सरदारांसाठी नव्हे. आपण कोण, ह्याचे उत्तर देणारी माणसे एकेक करून काढून घेतली जात आहेत म्हणून तळमळतो. शेक्सपिअरने चूक लिअरच्याही पदरी ठेवल्यामुळे त्याचे दुःख केवळ कृतघ्नतेचे राहत नाही. शिरवाडकरांचा नायक औदार्याखेरीज दुसरी कोणतीही चूक करीत नाही. त्यामुळे प्रेक्षकाची करुणा अखंड राहते. पण तिच्याबरोबर आकलन मात्र तितके वाढत नाही.

३

‘संध्याछाया’त हे स्थलांतर अधिक शांतपणे होते. नाना आणि नानी ह्या वृद्ध जोडप्याचा एक मुलगा अमेरिकेत आहे, दुसरा सैन्यदलात. एक परत येत नाही. दुसरा युद्धात जातो. अनोळखी माणूस दारात आला तरी त्याला बोलत बसवावे, इतकी ह्या घराला माणसांची भूक आहे. अखेर दोघे मिळून जीवन संपवितात. दळवींनी रिकाम्या दिवसाचे जे चित्रण केले आहे ते मराठी नाटकात फार थोड्या ठिकाणी आढळते. सकाळ आणि संध्याकाळ ह्यांच्यामध्ये काहीही घडू नये, हे रंगमंचावर दाखविणे सोपे नव्हे. परंतु हा दिवस रिकामा का झाला, ह्या प्रश्नाला नाटक एकच उत्तर देते: मुले नाहीत. नानांचा दिवस एके काळी कशाने भरलेला होता, हा प्रश्न मागे पडतो. मुले घरी असती तरीही सकाळी दहा ते सायंकाळी सहा हा वेळ नानांपुढे उभा राहिलाच असता.

‘हिमालयाची सावली’ हे नाटक महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या जीवनाच्या आधाराने रचलेले आहे. त्यातील नानासाहेब भानू ह्यांनी आपले सर्वस्व संस्थेला दिले. घराला काही उरले नाही. थकलेल्या नानासाहेबांना आधार मिळतो तो बायोचा, म्हणजे ज्या घराकडे त्यांनी कधी पाहिले नाही त्या घराचा. तिन्ही नाटकांत हे एकच नाटक असे आहे की ज्यात वृद्धापकाळाच्या दुःखाचे मूळ मुलांच्या वागण्यापेक्षा कामाच्या स्वरूपात शोधलेले आहे. शिवाय ज्या स्त्रीचे काम कधीच संपत नाही तिच्या बाजूने निवृत्तीकडे पाहता येते, हेही ह्या नाटकाने सुचविले. कावेरी आणि नानी ह्या दोघी आपापल्या नाटकांत पतीच्या दुःखाच्या सोबती आहेत. बायो ही त्या दुःखाची समीक्षक आहे.

प्रत्यक्ष कर्वे ह्यांचे चरित्र मात्र नाटकापेक्षाही अधिक विचार करायला लावणारे आहे. १८५८ साली जन्मलेले कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. त्या वेळी त्यांचे वय ५८ होते. महाराष्ट्र शासनाचे बहुसंख्य कर्मचारी आज ज्या वयात घरी बसतात नेमके तेच. पुढे ते १९६२ पर्यंत जगले. ह्या उदाहरणाचा उपयोग पुष्कळदा ज्येष्ठांना उपदेश करण्यासाठी होतो. पण त्यातून उपदेशापेक्षा एक निरीक्षण घेणे अधिक योग्य आहे. विधवाश्रमाचे काम कर्व्यांनी १८९६ पासून हाती घेतलेले होते. निवृत्तीने त्यांचे एक काम सुटले आणि दुसऱ्याला सबंध दिवस मिळाला. काम सोडल्यानंतर नवे काम शोधणे आणि आधीच चालू असलेल्या कामात शिरणे ह्या दोन गोष्टींत मनाच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे.

४

ही नाटके मुंबई-पुण्याकडील पांढरपेशा जीवनातून आलेली आहेत. नांदेड व लातूर जिल्ह्यांत त्या जीवनाशी सर्वांत जवळचा मनुष्य म्हणजे निवृत्त शिक्षक, तलाठी, बँकेतील कारकून, एस्.टी.तील वाहक. त्याच्यापासूनच प्रारंभ करणे युक्त होईल.

राज्य शासनाच्या नोकरीत निवृत्तीचे वय ५८ आहे. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यास ६०. साहेब आधी घरी जातो व शिपाई दोन वर्षे मागे राहतो. हे वय ठरते ते शाळेत नोंदलेल्या जन्मतारखेवरून. आज निवृत्त होणाऱ्या पिढीतील ग्रामीण मुलांना शाळेत घालताना पुष्कळदा गुरुजींनीच अंदाजाने जूनची पहिली तारीख लावून दिली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. परिणामी ३१ मे ह्या एका दिवशी गावोगावी फेटे बांधले जातात, शाल-श्रीफळ दिले जाते आणि उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो अशी भाषणे होतात. एका गुरुजींच्या अंदाजाने नोकरीला लावलेली मर्यादा दुसऱ्या गुरुजींना घरी पाठविते. निवृत्ती आणि वार्धक्य ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

३१ मेला निवृत्त झालेल्या शिक्षकाचे पहिले पंधरा दिवस नेहमीच्या उन्हाळ्याच्या सुटीसारखेच जातात. जूनच्या मध्यावर शाळेची घंटा होते तेव्हा त्याची निवृत्ती खऱ्या अर्थाने सुरू होते. ह्या सकाळी त्याच्या घरी कोणी कृतघ्न असावे लागत नाही. सून चहा आणून देते, मुलगा मोटारसायकल काढून त्याच शाळेच्या रस्त्याने जातो, आणि ओसरीवर बसलेल्या माणसाला आपण कोणत्या कारणासाठी उठावे हे कळेनासे होते. त्याची ओळख गावात ‘गुरुजी’ हीच राहते. परंतु ती हाक पूर्वी कामासाठी येई. आता ती केवळ आदरासाठी येते.

अशांपैकी काहींना दुसरी भूमिका मिळते. लातूरमध्ये शिक्षणाने एक वेगळीच वस्ती निर्माण केली आहे. अकरावी-बारावीच्या अभ्यासासाठी खेड्यातून आलेल्या नातवंडासाठी खोली भाड्याने घ्यायची आणि दोन वर्षे आजी-आजोबांपैकी कोणी तरी तेथे राहायचे, अशी घरे शहरात आढळतात. अशा आजोबांना सकाळी उठण्याचे कारण असते: शिकवणीची वेळ, डबा, परीक्षेची तारीख. ही भूमिका दोन वर्षांनी संपते, म्हणजे तिलाही निवृत्ती आहे. तरी निवृत्त मनाला पैसा आणि आदर ह्यांच्या पलीकडे कशाची गरज असते हे त्यातून दिसते.

मात्र ह्या जिल्ह्यांतील बहुसंख्य वृद्धांना निवृत्तीची तारीखच नाही. सालगड्याचे साल गुढी पाडव्याला बदलते. ज्या पाडव्याला त्याला कोणी ठेवून घेत नाही तो त्याचा निवृत्तिदिन. त्या दिवशी फेटा नसतो, भाषण नसते, आणि पुढल्या वर्षी कोणी तरी ठेवील ही आशा असल्यामुळे निवृत्ती झाली हेही निश्चित होत नाही. ऊसतोडणीला जाणाऱ्या जोडप्याची गणना ‘कोयता’ ह्या एका एककात होते. दोघांपैकी एकाचे शरीर थकले की पूर्ण कोयता उरत नाही. एकाच्या थकण्याने दोघांच्याही कामाचा प्रश्न निर्माण होतो. शेतकऱ्याचा कारभार मुलाच्या हाती जातो तो एका दिवसात नव्हे. आधी बाजारहाट, मग बी-बियाण्याचा निर्णय, मग बँकेचा व्यवहार असा तो हळूहळू सरकतो आणि सातबारा मात्र बापाच्याच नावावर असतो. ह्या माणसाकडे मालकी आहे, निर्णय नाही. लिअरकडे होते तसे नाव आहे, लवाजमा नाही. आणि ह्या सर्व घरांतील वृद्ध स्त्रीला निवृत्ती हा शब्द कोणत्याच अर्थाने लागू होत नाही. हात चालेनासे होईपर्यंत चूल तिचीच असते. आणि ज्या दिवशी सून ती हातातून काढून घेते त्या दिवशी तो सेवाभाव समजावा की पदच्युती, हे तिचे तिलाच ठरवावे लागते.

शासनाच्या भाषेने ह्या लोकांनाही ‘निवृत्त’ करून ठेवले आहे. ६५ वर्षे व त्यावरील निराधार व गरीब वृद्धांसाठी राज्यात जी योजना आहे तिचे नाव ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’ असे आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. ज्याला कधी वेतन नव्हते त्याला निवृत्तिवेतन, आणि ते देणाऱ्या राज्याला पुत्राचे नाव! नामकरण करणाऱ्याच्या मनातही वृद्धाचे दुःख म्हणजे श्रावणबाळ नसणे, हेच समीकरण होते. ह्याच्या उलट बाजूस हैदराबाद मुक्तिसंग्रामातील स्वातंत्र्यसैनिकांना मिळालेले सन्मान निवृत्तिवेतन आहे. ते कोणत्याही नोकरीचे नव्हते. पण त्याबरोबर १७ सप्टेंबरला ध्वजाजवळची खुर्ची येत असे. पहिल्या योजनेत आधार आहे. दुसऱ्यात आधाराबरोबर ओळखही होती. मनाच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.

ह्याच साच्याचे सर्वांत बोलके उदाहरण लातूर येथेच मिळते. आई-वडिलांचा सांभाळ न करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापून ती आई-वडिलांच्या खात्यात जमा करावी, असा ठराव लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये केला आणि पुढील वर्षाच्या आरंभी काही कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तो अमलातही आला. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहासंबंधी केंद्राचा २००७ चा कायदा आहे. त्या अन्वये न्यायाधिकरण मुलांना दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता देण्याचा आदेश देऊ शकते. अन्न आणि औषध ह्यांचा प्रश्न जेथे आहे तेथे हे उपाय आवश्यक आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्यामागची उपपत्ती ‘नटसम्राट’चीच आहे हे ओळखले पाहिजे. त्यांनी बेलवलकरांचे दुसरे दुःख हलके होईल. पहिल्याला त्यांचा स्पर्शही होत नाही.

५

मानसशास्त्र व समाजशास्त्र ह्यांनी ह्या पहिल्या दुःखाचा विचार केलेला आहे. कमिंग व हेन्री ह्यांनी १९६१ मध्ये असे प्रतिपादन केले की वय वाढते तसे व्यक्ती आणि समाज परस्परांपासून दूर सरकतात आणि हे दूर सरकणे दोघांच्याही हिताचे असते. भारतीय वाचकाला ह्या मतात वानप्रस्थाचा भास होणे स्वाभाविक आहे. परंतु वानप्रस्थात जाणारा मनुष्य कोठे तरी जात असतो; त्याला पुढचा आश्रम आहे, आचार आहे. ३१ मेच्या आदेशात पुढचे ठिकाण लिहिलेले नसते. हॅविगहर्स्ट आदींनी ह्या मताच्या विरोधात सक्रियतेवर भर दिला. ॲचली ह्यांनी १९७६ मध्ये निवृत्तीचे टप्पे सांगितले: आरंभीचा उल्हास, मग भ्रमनिरास, मग नव्याने जुळवून घेणे आणि स्थैर्य. हे टप्पे सर्वांच्या वाट्याला ह्याच क्रमाने येतात असे नाही. पण निवृत्तीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात भेटलेला मनुष्य आणि दुसऱ्या वर्षी भेटलेला मनुष्य एक नव्हे, एवढे तरी त्यावरून निश्चित होते.

निवृत्ती मनाला घातकच असते असेही नाही. फ्रान्समधील वीज व वायू उद्योगातील सुमारे १४ हजार कर्मचाऱ्यांचा निवृत्तीच्या आधी व नंतर अनेक वर्षे पाठपुरावा करून २०१० मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांत निवृत्तीच्या सुमारास थकवा आणि औदासीन्याची लक्षणे कमी झालेली आढळली. हे कर्मचारी भरवशाच्या निवृत्तिवेतनावर घरी गेले होते हे विसरता कामा नये. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू झाली नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी जो संप केला तो तिच्यासाठीच. तो केवळ पैशाचा लढा होता असे म्हणणे अपुरे ठरेल. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मन कसे असेल, ह्याचा एक मोठा भाग त्या भरवशावर अवलंबून असतो.

भारतातील वृद्धांविषयीचे सर्वांत व्यापक सर्वेक्षण मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७–१८ मध्ये केले. त्यात ४५ व त्यावरील वयाच्या ७२ हजारांहून अधिक व्यक्तींच्या मुलाखती झाल्या. साठीच्या पुढील व्यक्तींत प्रश्नावलीनुसार नैराश्याची संभाव्यता ८.३ टक्क्यांत दिसली. आपल्याला नैराश्याचे निदान झालेले आहे असे सांगणारे मात्र ०.८ टक्के होते. म्हणजे दहांपैकी नऊ जणांच्या दुःखाला नाव मिळालेले नव्हते. आरंभी भाषेविषयी जे म्हटले त्याचाच हा आकड्यांतील प्रत्यय आहे. ज्या दुःखाला घरात शब्द नाही ते डॉक्टरांपुढे झोप, गुडघे आणि भूक ह्यांच्या तक्रारी होऊन जाते.

येथे पदव्युत्तर संशोधनाच्या पद्धतीविषयी काही सांगणे प्राप्त आहे. निवृत्तांचा नमुना घेण्यास सर्वांत सोयीचे साधन म्हणजे निवृत्तिवेतनधारकांची यादी. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यासाठी ते रांगेत उभेही असतात. ह्या रांगेत सालगडी नाही, कोयता नाही, चूल सुटलेली स्त्री नाही. आणि ज्याचे मन इतके खचले आहे की तो घराबाहेर पडत नाही तोही बहुधा नाही. अशा नमुन्यावरून ‘मराठवाड्यातील वृद्ध’ ह्यांच्याविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे दाखला देण्यास समर्थ असलेल्यांवरून असमर्थांचे अनुमान करणे होय.

दुसरा प्रश्न मापनाचा. येसावेज व त्यांचे सहकारी ह्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी वृद्धांसाठी तयार केलेली नैराश्य-मापनी सर्वत्र वापरली जाते. मूळ तीस प्रश्नांचे पंधरा प्रश्नांचे लघुरूपही प्रचारात आहे. ती सोपी आहे आणि शारीरिक तक्रारींवर भर देत नाही, हे तिचे गुण आहेत. परंतु तिच्यात व्यवसाय-छंद सुटले काय आणि बाहेर पडून नवे काही करण्यापेक्षा घरी राहणे बरे वाटते काय, अशा आशयाचेही प्रश्न आहेत. निवृत्त शिक्षकाचे पहिल्या प्रश्नाला ‘होय’ हे उत्तर मनाचे लक्षण असेल किंवा केवळ शासकीय आदेशाचे वर्णन असेल. खेड्यातील वृद्धेचे दुसऱ्याला ‘होय’ हे उत्तर तिच्या औदासीन्यापेक्षा तेथील रीतीचे द्योतक असू शकते. ज्या गोष्टीचा परिणाम मोजायचा तीच मोजपट्टीत शिरली तर निवृत्तीमुळे नैराश्य वाढते, हा निष्कर्ष प्रश्नावली उघडण्यापूर्वीच सिद्ध झालेला असतो. मराठी रूपांतर करताना शब्द शुद्ध असणे पुरेसे नाही. प्रत्येक प्रश्न ह्या भागातील कोणत्या माणसाला काय विचारतो, हे स्वतंत्रपणे तपासले पाहिजे.

६

ह्या विवेचनाचा हेतू नाटकांना सर्वेक्षणाच्या न्यायासनापुढे उभे करणे हा नाही. बेलवलकरांच्या स्वगतांत जे ऐकू येते ते कोणत्याही मापनीला ऐकू येत नाही. काम संपल्यावरही काम करणारा शिल्लक राहतो, हे सत्य शिरवाडकरांनी रंगमंचावर उभे केले. त्यांच्या नाटकाचा दोष एवढाच की त्या सत्याला त्यांनी कृतघ्न मुलांच्या कथेचे आवरण घातले. आणि समाजाचा दोष असा की त्याने आवरण तेवढे उचलले. ‘संध्याछाया’ने रिकामा दिवस दाखविला पण त्याचे कारण दूरदेशी पाठविले. ‘हिमालयाची सावली’ने प्रश्न कामापर्यंत नेला, आणि कदाचित म्हणूनच वृद्धांच्या प्रश्नाच्या चर्चेत तिचा उल्लेख सर्वांत कमी होतो.

नांदेड-लातूरच्या वृद्धांविषयी यापुढे जे लिहिले जाईल, मग ते प्रबंध असो की कथा, त्यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवून विचाराव्या लागतील: काम गेल्याने काय गेले, पैसा गेल्याने काय गेले, आणि माणसे गेल्याने काय गेले. सालगड्याच्या बाबतीत पहिली दोन एकाच पाडव्याला जातात. शिक्षकाच्या बाबतीत पहिले जाते, दुसरे राहते. नाना-नानींच्या बाबतीत तिसरे जाते. ह्या तिघांच्या दुःखाला एकच नाव दिले तर एकावरही उपाय सापडणार नाही.

तिन्हींची सरमिसळ सर्वांत अधिक भोवते ती अशा माणसाला की ज्याची मुले चांगली आहेत. त्याच्या घरी पेन्शन वेळेवर येते, औषध वेळेवर मिळते, नातवंडे अंगाखांद्यावर खेळतात. तो मुका होत जातो तेव्हा घरातील सर्वजण आपुलकीने एकच प्रश्न विचारतात: तुम्हाला काय कमी आहे? नाटकाने शिकविलेल्या साच्यात ह्या प्रश्नाचे उत्तर नाही. त्याला दाखविण्यासारखा अपराधीच नाही. तो काही नाही असे म्हणतो. संशोधन-विद्यार्थ्याने प्रश्नावली मिटवून थोडा वेळ बसून राहावे अशी ती जागा आहे. आणि तेथे पहिला प्रश्न मुलांविषयीचा नसावा, आपण काय काम करीत होता, हा असावा.